युवराज गेटाबाहेर

आमच्या मालकांना मी कधी घाई करताना पाहिलं नाही. त्यामुळे त्यांच्या वाटणीची घाईसुद्धा इतकी वर्षं मलाच करावी लागली. सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "जरा दमानं गो बाय." दमानं ते घ्यायचे आणि दम माझा निघायचा.

कंपनी म्हणायची ती आपली पद्धत. रत्नागिरीबाहेर कातळावर एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्या टोकाला दोन खोल्यांचं ऑफिस आणि पुढे जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंतीत, म्हणजे गडग्यात, बसवलेलं लोखंडी गेट. हंगामात आंब्याचा पल्प काढून डब्यात भरायचा, हंगाम सरला की कोकमाचं आगळ, आंबावडी, फणसपोळी. आंबे सोलायला आसपासच्या वाड्यांतल्या बायका यायच्या. मी हिशेब, फोन, ऑफिसर लोक, बायकांची भांडणं आणि मालकांचं डोकं एवढं सगळं सांभाळायचे. पगार पहिल्या दोन गोष्टींचाच मिळायचा.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. अंगानं काटक, वर पांढरा हाफशर्ट, पायात कायम रबरी चपला. बँकेत जायचं असलं तरी त्याच. टेबलामागे एक फिरती खुर्ची होती, पण तिच्यावर ते स्वतः बसत नसत. ती येणाऱ्यासाठी. स्वतःला प्लास्टिकचं स्टूल. त्यामुळे कुरिअरवाला मालकासारखा गोल फिरत बसायचा आणि मालक स्टुलावरून वाकून त्याच्याकडे सहीला पेन मागायचे. नवीन गिऱ्हाईक आलं की ते हमखास खुर्चीतल्या माणसाशीच भावाची घासाघीस सुरू करायचं. भाऊ मधे पडत नसत. मी डोळे मोठे केले तर म्हणायचे, "बोलू दे गो. कोणीतरी बोलतंय ना?"

पण ही झाली वरवरची तऱ्हा. खरा त्रास होता तो मानाचा.

कोकणातल्या माणसाला मान म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पालखीला पहिला खांदा कोणाचा, निशाण कोणी धरायचं, नारळ कोणी ठेवायचा, हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. तो माणूस आल्याशिवाय पालखी जागची हलत नाही. भाऊंनी हे सगळं उचलून कारखान्यात आणलं होतं. हंगामाचा पहिला नारळ टेम्पोच्या ड्रायव्हरनं फोडायचा. पहिल्या डब्याला झाकण बसवायचं ते सीलिंगवाल्यानं. बॉयलर पहिल्यांदा पेटवायचा मान झाडलोट करणाऱ्या बाईचा. सुट्टीनंतर ऑफिसचं कुलूप उघडायचं ते मी. आणि मालकांचा मान कुठला म्हणाल, तर काही नाही. ते हात जोडून बाजूला उभे राहायचे.

एका पाडव्याला, शिमग्याची सुट्टी संपून कारखाना उघडायचा नेमक्या त्या दिवशी, मला सणसणून ताप भरला. गोळी घेतली, फोन बंद केला आणि झोपले. दुपारी जाग आल्यावर फोन चालू केला तर मिस्ड कॉलची रांग. अंगावर शाल घेऊन रिक्षानं कारखान्यावर गेले. सगळ्या बायका काजूच्या सावलीत बसून डबे खात होत्या आणि भाऊ कुलूपबंद दाराच्या पायरीवर शांतपणे आंब्याचा मोहोर चुरगाळून हुंगत होते.

"भाऊ, दुसरी किल्ली तुमच्या खिशात असते ना?"

"हाय की." त्यांनी खिशावर हात मारून दाखवला.

"मग उघडायचं ना! मालक तुम्ही आहात."

"मालक हाय," भाऊ म्हणाले, "मानकरी नाय."

मी कुलूप काढलं आणि त्याच रिक्षानं घरी जाऊन पुन्हा झोपले. दुसऱ्या दिवशी भाऊ पेज आणि मेतकूट घेऊन घरी आले. रागावायचीसुद्धा सोय ठेवत नसत.

पुढे सीलिंगचं नवं मशीन आलं तेव्हाही हेच. मशीनबरोबर कोल्हापूरचा फिटर आला होता, आणि आमचा सीलिंगवाला बहिणीच्या लग्नाला मुंबईला गेलेला. भाऊ म्हणाले, तो येईस्तोवर बटण दाबायचं नाही. फिटर बिचारा लॉजवर राहून रोज सुरमई खात बसला. जाताना मला म्हणाला, "मॅडम, असं काम वर्षातनं एकदा तरी काढत जावा." खानावळीचं बिल मी भरलं आणि भाऊंपुढे ठेवलं. भाऊंनी ते वाचलं आणि म्हणाले, "पैशाचं काय गो. आज गेला, उद्या येल. मान एकदा चुकला की माणूस परत येत नाय."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पल्प थंड होण्याची वाट बघत बसलो असताना. त्यांच्या गावी पालखीचा एक मान त्यांच्या घराकडे होता. भाऊबंदकीत एका शिमग्याला त्यांच्या आजोबांना डावलून पालखी उचलली गेली. पुढे भांडण मिटलं, मान परत मिळाला, पण भाऊंच्या वडिलांनी मनातून काढलं नाही. दरवर्षी पालखी घरी यायची तेव्हा वडील मागच्या दारानं उठून बागेत जायचे आणि पालखी पुढच्या घरी गेल्यावर परत यायचे. "देव दारात, आणि बापूस माझा फणसाखाली बसलेला," भाऊ म्हणाले. मग उठून थर्मामीटर बघायला गेले. त्या दिवसानंतर मी थोडी कमी कुरकुर करायला लागले. थोडीच.

आता काकींबद्दल सांगायला हवं. कंपनी सुरू झाली तेव्हा शेडला भिंतीही नव्हत्या. पहिलं मोठं गिऱ्हाईक उन्हातून आलं, तेव्हा त्याला द्यायला चहा नव्हता, कप नव्हता, बसायला खुर्ची नव्हती. भाऊ गडबडून गेले. आंबे सोलणाऱ्या काकी उठल्या, हात धुतले, स्वतःच्या डब्यातला गूळ काढला आणि आपल्या तांब्यातलं पाणी त्या माणसाला गेटातच दिलं. त्यानं पाणी घेतलं, काकींना नमस्कार केला आणि सौदा करून गेला. तेव्हापासून मोठा पाहुणा कोणीही असो, त्याला गेटात गूळपाणी द्यायचा मान काकींचा. पाणी घेतल्याशिवाय पाहुण्यानं आत यायचं नाही. काकींचे गुडघे गेले, सोलण्याचं काम सुटलं, तरी पाहुणा येणार असला की भाऊ टेम्पो पाठवून त्यांना गावाहून आणायचे. काकी इरकली लुगडं नेसून, चिंचेनं घासलेला तांब्या मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसून यायच्या. पाणी देऊन झालं की लगेच परत. कामाच्या गोष्टीत त्यांनी कधी तोंड घातलं नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते कूलर येईपर्यंत. भाऊ मुंबईला गेलेले असताना एक तपासणी अधिकारी न कळवता आला, सरळ आत शिरला आणि ऑफिसातल्या कूलरचं पाणी आपल्या हातानं काढून प्यायला. त्याला कोण अडवणार? ती बातमी काकींच्या वाडीत पोहोचायला संध्याकाळ लागली नाही. पुढच्या वेळी टेम्पो गेला तो रिकामा परत आला. काकींनी निरोप दिला होता, "माजा मान त्या मशिनीला दिलात. आता तिलाच बोलवा."

भाऊंनी त्या दिवशी कूलर बंद करून त्याच्यावर गोणपाट टाकलं. पुढचा सगळा उन्हाळा आम्ही माठातलं पाणी प्यायलो. पण काकी काही आल्या नाहीत, आणि भाऊंनीही जाऊन समजूत काढायचं आज उद्या करत ठेवलं. घाई नव्हती ना!

आणि त्याच उन्हाळ्यात युवराज यायचे ठरले.

कंपनीचं तेव्हा काही खरं नव्हतं. घाटावरची एक मोठी कंपनी आमची शेड घ्यायला टपली होती. त्यांच्याकडे आंबे सोलायचं मशीन होतं, म्हणजे आमच्या बायका घरी. भाऊंनी त्यांना हंगाम संपेपर्यंत थोपवून धरलं होतं. तेवढ्यात युवराजांच्या सेक्रेटरींचा फोन आला. हे घाटावरच्याच एका जुन्या संस्थानचे युवराज. राज्य केव्हाच गेलेलं, पण राहिलेल्या वाड्यांची त्यांनी हॉटेलं केली होती. त्या हॉटेलांना वर्षभर पल्प, आगळ, आंबावडी पुरवणारं कोणीतरी त्यांना हवं होतं, आणि आमचा पल्प त्यांच्या आचाऱ्याला आवडला होता. युवराज कोकणात येणार होते. जाता जाता कारखाना बघतील आणि पसंत पडला तर तिथल्या तिथे होकार देतील, असं सेक्रेटरी म्हणाले. ही ऑर्डर मिळाली तर शेड विकायची नाही, हे भाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "मॅडम, नुसती फॉर्मॅलिटी आहे. तुम्ही फक्त वेळ पाळा," सेक्रेटरी म्हणाले. हे त्यांनी मला सांगितलं. सांगायला हवं होतं भाऊंना.

सोलणाऱ्या बायकांत एक होती, नवरा मुंबईला आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली. ती रोज सुरी धुता धुता मला विचारायची, "बाई, राजा येतोय ना पण नक्की?" मी म्हणायचे, येतोय. तिला लांब कुठे कामाला जाणं शक्य नव्हतं. आमचा कारखाना तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता, मधेच जाऊन सासूला कूस बदलून देऊन यायची.

मी फरशी घासून घेतली, संडासाला रंग काढला, फुलांचा गुच्छ सांगून ठेवला. भाऊंना एकच चिंता, काकी. टेम्पोच्या ड्रायव्हरबरोबर त्यांनी निरोप पाठवला. काकींचं उत्तर आलं, "बघू." भाऊ खूश.

"भाऊ, बघू म्हणजे नाही," मी म्हटलं.

"बघू म्हणजे बघू. येल ती." मग स्टूल जरा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "इतकी वर्षं नुसते बँकवाले आणि मीटरवाले येत होते गो. त्यांना काय कळणार? हा राजाच्या घरातला. ह्याला मान कळणार नाय तर कोणाला कळणार?"

ऑर्डरीपेक्षा त्यांना त्याचाच आनंद झाला होता. मला तेव्हाच धसका बसला.

युवराज आले त्या दिवशी ऊन असं होतं की कातळावर अनवाणी पाय ठेवायची सोय नव्हती. सकाळी पाठवलेला टेम्पो रिकामा परत आला, तरी भाऊ म्हणाले, येल ती. दहा वाजले, काकी नाहीत. साडेदहा झाले, काकी नाहीत. अकराला दोन मोठ्या काळ्या गाड्या वळणावर दिसल्या आणि बरोबर गेटाशी येऊन थांबल्या. मी गुच्छ घेऊन पुढे झाले. पाहते तर भाऊ गेटात दोन्ही हात पसरून उभे.

"उतरू नका! उतरू नका! गाडीत गार हाय ना? बसा जरा." असं म्हणून त्यांनी गेट ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि माझ्याकडे वळले. "बाय, यांना बघ. आत घ्यायचा नाय, पाणी द्यायचा नाय. मी आलोच." आणि टेम्पोत चढून गेलेसुद्धा. तांबडी धूळ उडाली ती राजघराण्याच्या काचांवर बसली.

सेक्रेटरी खाली उतरले. मी त्यांना सांगायला लागले की आमच्याकडे पाहुण्याला आधी गेटात गूळपाणी देतात.

"मग द्या ना पाणी!"

"देणारीला आणायला गेलेत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या सगळ्या नोकरीचीच लाज वाटली. मागच्या काचेतून युवराज डोकावले. पस्तिशीचे असतील, साधा शर्ट, डोळे सुजलेले. शेजारच्या सीटवर शाली, नारळ आणि फ्रेम केलेल्या तसबिरींचा ढीग. सकाळी गणपतीपुळ्याला सत्कार, मग मालगुंडला सत्कार, आरे-वारेच्या रस्त्यावर तर गाडी अडवून सत्कार.

"इथे शाल नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. फक्त पाणी."

"मग चालेल," म्हणाले आणि डोकं मागे टेकवलं.

थोड्या वेळानं त्यांनी काच पुन्हा खाली केली. "मॅडम, आम्हाला जरा बाथरूमला जायचं होतं." मी दचकून दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. आमचं एकच बाथरूम! मग लक्षात आलं, आम्हाला म्हणजे त्यांना एकट्यालाच.

आता पुढच्या गेटातून आत नेलं तर ते आले असं होणार, आणि काकींचा मान गेला तो गेलाच. भाऊंच्या सहवासात माझंही डोकं फिरलं होतं त्याला मी काय करू? गडग्याच्या मागच्या अंगाला साली आणि कोयी टाकायला एक खिंड पाडलेली होती. मी युवराजांना तिकडून नेलं. माशा घोंगावत होत्या, पायाखाली साली. एक बाई सालींची टोपली रिकामी करायला आली होती, तिनं त्यांना ओळखलं नाही. "ओ, तिकडनं नको, घसराल," म्हणून ओरडली. युवराज पँट वर धरून टाचा टेकत गेले, तोंडावर पाणी मारून आले. "छान वास येतोय," म्हणाले. ते खरंच होतं, आमच्या शेडचा वास छानच होता.

मग मी त्यांना म्हटलं, "आता परत गाडीत बसाल का? म्हणजे तुम्ही अजून आला नाहीत असं होईल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे आम्ही अजून यायचोय?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि जाऊन बसले. इतक्या वर्षांत इतक्या शहाण्यासारखं माझं कोणीच ऐकलं नव्हतं. मला त्या माणसाचा फार कळवळा आला.

तिकडे काय चाललं होतं ते ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं. काकी घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं उलटत बसल्या होत्या. भाऊ ओटीवर चढलेच नाहीत, खळ्यात उन्हातच उभे राहिले. "काकी, चुकला." काकींनी मान वर केली नाही. "कोणाचा चुकला?" "माजा. मी आधीच यायला हवा होता." काकी म्हणाल्या, त्या मशिनीला का नाय नेलास? भाऊ तिथेच बसले, तापलेल्या जमिनीवर. काकींनी उरलेली सोलं उलटून संपवली. मग काकी उठल्या आणि अंघोळीला गेल्या. ड्रायव्हर बाहेरून ओरडला, "काकी, राजा खोळंबलाय!" आतून उत्तर आलं, "राजा हाय तर थांबेल. नाय थांबला तर राजा कसला?" आणि भाऊ म्हणाले, "होय तर!"

अखेर टेम्पो आला. काकी उतरल्या. तेच लुगडं, तोच तांब्या, तळहातावर केळीच्या पानाच्या तुकड्यात गूळ. कण्हत कण्हत त्या गाडीपाशी गेल्या आणि काचेला नाक लावून आत बघितलं. युवराज गाढ झोपले होते. बूट काढलेले, मान एका अंगाला कललेली, तोंड थोडं उघडं.

"उठवतो मी," सेक्रेटरी म्हणाले आणि दाराला हात घातला.

"नको," काकी म्हणाल्या. "निजलाय बिचारा. बघ कसा दमलाय. निजलेल्या पाहुण्याला उठवून पाणी पाजत नाय कोणी."

"आजी, आम्हाला पुढे जायचंय."

"मग जा तुमी. त्येला निजू दे."

सेक्रेटरींनी भाऊंकडे पाहिलं. मी भाऊंच्या जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "भाऊ, उठवा. एक टिचकी मारा काचेवर. ते रागावणारे नाहीत, मी बघितलंय." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग शेडकडे पाहिलं. सगळ्या बायका सुऱ्या हातात धरून दारात उभ्या होत्या, ती सासूवालीही होती. मग त्यांनी काकींकडे पाहिलं. त्यांचा हात थोडा वर आला होता, मी शपथेवर सांगते, आला होता. तो त्यांनी खाली घेतला.

"तिचा मान हाय," ते सेक्रेटरींना म्हणाले. "ती नको म्हणते. थांबूया थोडं. उठेल तो."

तो उठला नाही. आम्ही सगळे उन्हात उभे. काकी गडग्यावर टेकल्या, तांब्या मांडीवर. गाडीचा एसी घुर्र करत होता, तेवढाच आवाज. मग सेक्रेटरींना पुढच्या ठिकाणाहून फोन आला, दुसरा आला, तिसरा आला. ते गाडीत बसले, ड्रायव्हरनं हळूच गाडी वळवली, आणि युवराज झोपेतच रत्नागिरीकडे निघून गेले. भाऊ हात जोडून उभे होते. काकींनी तांब्यातलं पाणी गेटाजवळच्या अबोलीला घातलं आणि समाधानानं म्हणाल्या, "चांगला निजला पोर."

काकींना घेऊन टेम्पो गेल्यावर मी भाऊंवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. म्हटलं, एवढ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न, आणि तुम्ही एका म्हातारीच्या शब्दावर सगळं सोडून दिलंत? भाऊ स्टुलावर बसले. "तिला माफी मागून घरातनं आणली मी," ते म्हणाले. "आणून सगळ्यांच्या देखत तिचाच शब्द मोडू?"

"आणि ह्या बायका?"

भाऊ उठले. चपला पायात सरकवून बॉयलरकडे गेले. संध्याकाळी सुऱ्या धुताना त्या बाईनं मला विचारलं, "बाई, राजा काय म्हणाला?" मी म्हटलं, झोपला. ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.

दोन दिवसांनी सेक्रेटरींचा फोन आला, अगदी गोड आवाजात. सगळ्या दौऱ्यात युवराजांना तेवढीच काय ती झोप मिळाली, त्यांनी आभार सांगितलेत. ऑर्डर सावर्ड्याकडच्या एका कारखान्याला गेली होती. त्यांनी वेळ पाळली असणार.

हंगाम संपला तशी शेड गेली. नव्या कंपनीनं मला ठेवून घेतलं. आता पाहुणा आला की गेटावरचा माणूस त्याच्या गळ्यात बिल्ला अडकवतो आणि कूलरकडे बोट दाखवतो. कुलूप कोण उघडतं मला माहीत नाही, मी येते तेव्हा उघडलेलं असतं. काम वेळेवर होतं. घरी लवकर जाते. तरी संध्याकाळी पूर्वीपेक्षा जास्त थकल्यासारखं होतं, का ते कळत नाही. मशीन आल्यावर बायकांचं काम सुटलं. ती सासूवाली आता पहाटे उठून जेटीवर कोळंबी सोलायला जाते. सासूकडे शेजारीण बघते, बघते तशी बघते.

शेड कशामुळे गेली ते काकींना कोणी सांगितलेलं नाही. भाऊंची तशी सगळ्यांना ताकीद आहे. राजा माझ्यासाठी थांबला आणि माझ्या राखणीत निजला, असं त्या अजून वाडीभर सांगतात.

मध्यंतरी मी भाऊंकडे त्यांच्या गावी गेले होते. ओटीवर बसून ते माडाच्या झावळीच्या काड्यांचा झाडू बांधत होते, नेहमीसारखे दमानं. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना मला राहवलं नाही.

"भाऊ, एक विचारू? त्या दिवशी त्यांना उठवलं असतं तर?"

मला वाटलं, ते मानाबद्दल काहीतरी बोलतील. त्यांनी झाडू खाली ठेवला.

"उठवतो की," ते म्हणाले. "रोज उठवतो. जरा पाठ टेकली की जातो गाडीकडं आणि काचेवर टिचकी मारतो. लगेच जागा होतो बिचारा. बूट घालतो, खाली उतरतो."

"मग?"

"मग मी मागं वळून बघतो, तर काकी तांब्या घेऊन घरच्या वाटेला लागलेली. हाका मारतो, बघत नाय. आणि हा माझ्यासमोर उभा, ओंजळ पुढं करून. म्हणतो, पाणी द्या." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग बाय, मी काय देऊ त्याला?"